काळ्या खडकाचा पडदा आणि गुरूचे चुंबकत्व

धुळ्याहून साक्रीच्या किंवा नंदुरबारच्या वाटेने जाणाऱ्या प्रवाशाला, दोन्ही बाजूंच्या काळ्या रानातून एकाएकी वर उठलेल्या आणि पूर्वपश्चिम दिशेने कोसच्या कोस सरळ गेलेल्या खडकांच्या अरुंद धारा दिसतात; त्यांची सरळ रेषा पाहून त्या माणसानेच बांधल्या असाव्यात असा संशय नवख्या मनुष्याला यावा. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, दख्खनच्या या सबंध प्रदेशावर लाव्ह्याचे थरावर थर पसरत असताना, आधी थिजलेले थर आपल्या दाबाने उभे फाडून वर चढलेला शिलारस वाटेतच घट्ट झाला. पुढे भोवतालचा मऊ आणि कुजका खडक पावसापाण्याने झिजून गेला आणि आतला कठीण खडक उघडा पडला. मुंबईच्या आयआयटीतील हेतू शेठ आणि त्यांचे सहकारी यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नंदुरबार-धुळे भागातील सुमारे 14,500 चौरस किलोमीटर क्षेत्रावर एक किलोमीटरहून अधिक लांबीच्या 210 डाइकांची नोंद आहे; त्यांतला सर्वांत लांब 79 किलोमीटरांचा, तर जाडी कोठे तीन मीटर आणि कोठे 62 मीटर. बहुतेक सर्व अगदी उभे, आणि बहुतेकांची दिशा पूर्वपश्चिमच.

या प्रकरणाचा विषय गुरू ग्रहाचे चुंबकीय क्षेत्र हा असताना आरंभ खानदेशच्या खडकापासून करण्याचे कारण असे की, ग्रहाच्या पोटात निर्माण होणारे चुंबकत्व बाहेरून वाचण्याच्या कामी आपल्या पायाखालचा हा खडकच सर्वांत मोठा अडथळा आहे; आणि जवळजवळ साठ कोटी किलोमीटर किंवा त्याहूनही दूर असलेल्या गुरूवर तो अडथळा मुळीच नसल्यामुळे, ज्या पृथ्वीवर आपण जन्मतो आणि मरतो तिच्या गाभ्यापेक्षा गुरूच्या अंतर्भागातील चुंबकीय यंत्रणा आज आपल्याला काही बाबतींत अधिक स्पष्ट दिसू लागली आहे. हे विधान प्रथमदर्शनी विपरीत वाटेल, म्हणून ते सावकाश आणि क्रमाने समजून घेतले पाहिजे.

बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट नावाच्या लोहखनिजाचे बारीक कण असतात. लाव्हा तप्त असतो तोवर त्या कणांना स्वतःची दिशा नसते. परंतु तो थंड होत विशिष्ट तापमानाच्या खाली आला की त्या क्षणी पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ज्या दिशेला असेल ती दिशा ते कण स्वीकारतात आणि पुढे लक्षावधी वर्षे सोडत नाहीत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सहस्रबुद्धे आणि राधाकृष्णमूर्ती यांनी 1950 नंतरच्या दशकात दख्खनच्या खडकांतील या जुन्या दिशा मोजण्याचे काम हाती घेतले. त्या काळी लंडनहून आलेले संशोधकही हाच खडक तपासत होते. त्या सर्व मापनांतून दोन गोष्टी निर्विवाद ठरल्या. लाव्हा थिजत असताना आपला हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे 30 अक्षांशांवर होता, ही पहिली. आणि त्यांतील पुष्कळ थरांची चुंबकीय दिशा आजच्या अगदी उलट आहे, म्हणजे त्या काळी कोणी होकायंत्र हाती धरले असते तर त्याच्या सुईचे उत्तर टोक दक्षिणेकडे वळले असते, ही दुसरी.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी जेथे आयुष्याची अखेरची वर्षे घालवली आणि जेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्यांचे दफ्तर आजही सांभाळते, त्या धुळ्याला जुन्या कागदाची किंमत वेगळी सांगायला नको. गावाबाहेरचे हे डाइकही एका अर्थी दफ्तरच आहेत, आणि त्यांतील नोंद करणाऱ्याला खोटे लिहिण्याची सोय नव्हती. परंतु जो इतिहासाचा साधक तो वर्तमानाचा बाधक ठरावा असा येथे प्रकार आहे. खडकाने धरून ठेवलेले जुने चुंबकत्व गाभ्यातून आज येणाऱ्या चुंबकत्वात मिसळते, आणि वर उभा राहून मोजणाऱ्याच्या यंत्राला त्या दोहोंची बेरीजच तेवढी कळते.

खानदेशात पृथ्वीच्या क्षेत्राची तीव्रता सुमारे 0.45 गाउस आहे, आणि मोकळी टांगलेली चुंबकसुई उत्तरेकडे वळून क्षितिजाखाली तीसएक अंश झुकते. हे क्षेत्र मोजण्याची विद्या महाराष्ट्रात आजची नाही. ईस्ट इंडिया कंपनीने 1826 साली मुंबईस कोलाब्याला वेधशाळा उभारली. एल्फिन्स्टनचे अध्यापक ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली 1841 पासून तेथे चुंबकीय मापने होऊ लागली, आणि महाराष्ट्र ज्यांना केरूनाना म्हणून ओळखतो ते केरो लक्ष्मण छत्रे तरुणपणी त्याच वेधशाळेत त्यांच्या हाताखाली होते. 1896 साली नानाभाई मूस हे या वेधशाळेचे पहिले भारतीय प्रमुख झाले. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या सुरू होणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या विद्युत्प्रवाहाने मापने बिघडतील हे ओळखून मूस यांनी खाडीपलीकडे अलिबागला, लोखंडाचा स्पर्शही होऊ न देता, नवी वेधशाळा 1904 साली सुरू करवली, आणि दोन्ही ठिकाणची मापने 1906 पर्यंत एकाच वेळी घेऊन जुन्या-नव्या नोंदींचा सांधा बिनचूक जुळवला. 1846 ते 1905 या काळातील कोलाब्याच्या नोंदी त्यांनी 1910 साली दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. जगातील अत्यंत दीर्घ आणि अखंड चुंबकीय नोंदींत या दफ्तराची गणना होते. मापकाला त्याच्या स्वतःच्या परिसरातील चुंबकत्वापासून दूर नेले पाहिजे, हा मूस यांचा निर्णय वाचकाने ध्यानात ठेवावा. एका शतकानंतर गुरूकडे जाणाऱ्या यानाच्या रचनेत तोच पुन्हा भेटेल.

एका ठिकाणी मोजलेल्या आकड्यांवरून सबंध ग्रहाचा नकाशा कसा होतो? येथे जमीनमोजणीचा दाखला उपयोगी पडतो. मोजणीदार गावची प्रत्येक वीत मोजत नाही. तो हद्दीचे दगड आणि साखळीच्या रेषा मुक्रर करतो, आणि मधले क्षेत्र भूमितीच्या नियमाने निघते, कारण ठरलेल्या बिंदूंमधील जमीन नियमाबाहेर जाऊ शकत नाही. चुंबकीय क्षेत्रालाही असाच एक कडक नियम आहे. जेथे विद्युत्प्रवाह नाहीत अशा मोकळ्या अवकाशात क्षेत्राच्या एका जागेच्या मूल्याचा शेजारच्या जागांशी अतूट संबंध असतो, आणि म्हणून पृष्ठभागावर पुरेशा ठिकाणी ते मोजले म्हणजे मधल्या सर्व ठिकाणचे गणिताने निघते. कार्ल फ्रीड्रिख गाउस या जर्मन गणितज्ञाने 1839 साली ही रीत सिद्ध केली. त्याने क्षेत्राचे पायरीपायरीने पृथक्करण केले: पहिल्या पायरीवर साधा द्विध्रुव, म्हणजे एका टोकाला उत्तर आणि दुसऱ्याला दक्षिण असा सरळ लोहचुंबक, दुसऱ्या पायरीवर त्याहून बारीक रचना, तिसऱ्यावर आणखी बारीक. पहिल्या पायरीला तीन अंक लागतात, पहिल्या दहा पायऱ्यांना मिळून 120, तेरांना 195. हे अंक हाती आले की ग्रहाचे चुंबकीय क्षेत्र कोठेही सांगता येते. शिवाय ग्रहाच्या आतून येणारे क्षेत्र कोणते आणि बाहेरच्या आकाशातील प्रवाहांमुळे निर्माण झालेले कोणते, याची वाटणीही याच गणिताने होते. मापन आणि तर्क यांचा इतका सुंदर संयोग भौतिकशास्त्रात फार थोड्या ठिकाणी आढळतो असे मला वाटते.

परंतु या रीतीला एक मर्यादा आहे. उगमापासून दूर जावे तसतसे क्षेत्र क्षीण होते, आणि जितकी वरची पायरी तितके ते अधिक वेगाने क्षीण होते. पृथ्वीचे चुंबकत्व ज्या द्रवरूप लोहाच्या गाभ्यात उत्पन्न होते त्याचा माथा आपल्या पायांखाली सुमारे 2,900 किलोमीटर खोल आहे. तेथून पृष्ठभागापर्यंत येता येता तेराव्या पायरीची बारीक रचना सुमारे साडेआठ हजार पटींनी मंद होते. इतक्या मंद झालेल्या आवाजावर मग बेसाल्टाचा आणि इतर खडकांचा जवळचा आवाज चढतो. अमेरिकेच्या 1979-80 मधील मॅगसॅट या उपग्रहाच्या मापनांवरून लँगेल आणि एस्टिस यांनी 1982 साली हे स्पष्ट दाखवले: तेराव्या-चौदाव्या पायरीपर्यंतचे क्षेत्र गाभ्याचे, आणि त्यापुढचे जवळजवळ सर्व कवचातील खडकांचे. त्याच उपग्रहाच्या आकड्यांवरून भारतीय भूचुंबकत्व संस्थेत बी. पी. सिंग आणि मिता राजाराम यांनी भारताखालच्या कवचाच्या चुंबकत्वाचा अभ्यास केला, म्हणजे गाभ्याच्या अभ्यासकाला जो उपद्रव तोच त्यांना अभ्यासविषय झाला. पुढे ओर्स्टेड, चँप, आणि 2013 साली सोडलेले स्वार्म नावाचे तीन युरोपीय उपग्रह यांनी मापनाची सूक्ष्मता कितीतरी वाढवली. पण तेराव्या पायरीचा पडदा उठला नाही, आणि तो उठणारही नाही, कारण तो यंत्राचा दोष नसून पृथ्वीच्या घडणीचा भाग आहे.

आता गुरूकडे वळू. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे, पाटणादेवीच्या परिसरात, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एक शिलालेख उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांच्या सिद्धांतशिरोमणीचे आणि त्या घराण्यातील इतर ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून स्थापिलेल्या मठाला निकुंभ घराण्यातील अधिपतींनी शके 1128 मध्ये, म्हणजे इसवी सन 1206-07 च्या सुमारास, देणगी दिली, असे त्यात आहे. आणि लेखाच्या शेवटी त्या काळच्या मराठीत मठाला मिळावयाच्या उत्पन्नाची तपशीलवार तजवीजही आहे. ज्या शास्त्रात गुरूची गती हा एक प्रमुख विषय, त्याच्या अध्ययनासाठी आठशे वर्षांपूर्वी खानदेशातील बाजाराच्या उत्पन्नातून वाटा मुक्रर व्हावा, ही गोष्ट प्रत्येक खानदेशी वाचकाने अभिमानाने सांगण्यासारखी आहे. परंतु गुरू आकाशात कोठे आहे हे जाणणाऱ्या त्या ज्योतिषांना, तो चुंबक आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता. तो मार्ग रेडिओलहरींनी उघडला.

1955 साली अमेरिकेत मेरीलंडच्या एका शेतात बर्नार्ड बर्क आणि केनेथ फ्रँकलिन आकाशातील रेडिओस्रोतांची पाहणी करीत असताना, त्यांना 22 मेगाहर्ट्झच्या सुमारास अधूनमधून येणारा एक गोंगाट आढळला, आणि तो गुरूकडून येतो असे काही आठवड्यांच्या नोंदींवरून निश्चित झाले. पाच वर्षांनी कॅलिफोर्नियात व्ही. राधाकृष्णन आणि जेम्स रॉबर्ट्स यांनी गुरूच्या अधिक आखूड लहरींचे ध्रुवीकरण मोजले. हे राधाकृष्णन म्हणजे चंद्रशेखर वेंकट रामन यांचे चिरंजीव. ही लहर ग्रहाच्या बिंबाहून पुष्कळ मोठ्या क्षेत्रातून येते आणि तिचे ध्रुवीकरण ठळक आहे, हे त्यांनी दाखवले. त्याचा अर्थ असा की, गुरूच्या प्रबळ चुंबकीय क्षेत्रात अडकलेले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जवळपास वेगाने फिरत असून तेच ही लहर प्रसवत आहेत. ग्रह फिरतो तसतसा त्या ध्रुवीकरणाचा कोन डुलतो, आणि त्या डुलण्यावरून चुंबकीय अक्ष परिवलनाच्या अक्षाला सुमारे दहा अंशांनी कललेला आहे हे यान पाठवण्याच्या कितीतरी आधी कळले होते. आजही गुरूचा दिवस 9 तास 55 मिनिटे 29.7 सेकंदांचा आहे असे आपण म्हणतो ते त्याच्या ढगांवरून नाही, तर या चुंबकीय क्षेत्राच्या फेरीवरून. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीनेही गुरूच्या या प्रारणपट्ट्याची निरीक्षणे केली असून, त्या कामी भारतीय आणि जपानी शास्त्रज्ञ एकत्र आले.

यांत्रिक दूत प्रत्यक्ष जाऊ लागले ते डिसेंबर 1973 पासून. पायोनियर 10 आणि वर्षभराने पायोनियर 11 गुरूजवळून गेले; मागाहून 1979 साली दोन व्हॉयेजर, 1992 साली युलिसिस आणि 1995 ते 2003 पर्यंत गॅलिलिओ. गॅलिलिओ हे आठ वर्षे गुरूभोवती फिरत राहिले खरे, पण ते बहुधा विषुववृत्ताच्या पातळीत आणि दूरवरच. या सर्वांनी मिळून द्विध्रुवाचा प्रचंडपणा सांगितला: पृथ्वीच्या द्विध्रुवाच्या सुमारे 20,000 पट, आणि दिशेने उलटा. म्हणजे गुरूवर होकायंत्राची सुई दक्षिण दाखवील, आणि या बाबतीत गुरूचे आजचे क्षेत्र दख्खनचे उलट दिशेचे थर थिजत असतानाच्या पृथ्वीशी जुळते. पण बारीक रचना चौथ्या पायरीच्या पलीकडे कोणाच्या हाती आली नाही. सबंध परगण्यातून दोन-तीन वेळा घोडदौड करून गेलेल्या माणसाकडून गावगन्ना तपशील मिळत नाही, त्यांत त्याचा दोष नाही.

तो तपशील मिळवण्यासाठीच जूनो हे यान 5 ऑगस्ट 2011 रोजी निघाले आणि पाच वर्षांनी, 4 जुलै 2016 रोजी, गुरूभोवतीच्या कक्षेत शिरले. त्याची कक्षा हीच त्याची खरी बुद्धी म्हटली पाहिजे. ती दोन्ही ध्रुवांवरून जाते, आणि अतिशय लांबट असल्यामुळे यान बहुतेक काळ गुरूच्या घातक प्रारणापासून दूर राहून, प्रत्येक फेरीत काही तासच ढगांच्या माथ्यापासून सुमारे 4,000 किलोमीटरांपर्यंत खाली झेपावते. ध्रुवापासून ध्रुवापर्यंतचा प्रवास दोनएक तासांत संपतो. मूळ बेत दर 14 दिवसांनी एक फेरी करण्याचा होता. परंतु इंधनप्रणालीतील झडपा संथ उघडू लागल्यामुळे कक्षा आखूड करण्याची जोखीम पत्करली गेली नाही आणि फेरी दीर्घकाळ 53 दिवसांचीच राहिली. काम लांबले, पण नकाशाला त्यामुळे काही उणे आले नाही.

प्रत्येक फेरीत खालून ग्रह फिरलेला असल्यामुळे यानाचा मार्ग वेगळ्या रेखांशावरून जातो, आणि या फेऱ्या अशा आखलेल्या होत्या की पहिल्या चार मार्गांत परस्परांतील अंतर 90 अंश, आठांत 45, सोळांत साडेबावीस आणि बत्तिसांत सव्वाअकरा अंश व्हावे. मोहीम मध्येच संपली असती तरी तोवरच्या मोजणीत सर्व ग्रह सारखा आला असता, ओबडधोबड का होईना. या दूरदृष्टीचे मला फार कौतुक वाटते. गुरूच्या विषुववृत्तावर सव्वाअकरा अंश म्हणजे सुमारे 14,000 किलोमीटर, म्हणजे दोन शेजारच्या मार्गांमधून सबंध पृथ्वी निघून जावी एवढी जागा! त्या बत्तीस फेऱ्यांत तिथे यान गेलेच नाही. तेथील आकडे गाउसच्या नियमाने भरले आहेत.

यानाचे चुंबकमापक त्याच्या तीन लांब सौरपट्ट्यांपैकी एकाच्या टोकाला, मध्यापासून दहा ते बारा मीटर दूर, दोन ठिकाणी बसवले आहेत. यंत्रांचे, तारांचे आणि विजेच्या प्रवाहांचे स्वतःचे चुंबकत्व यानालाही असतेच. त्यापासून मापक दूर न्यावा, आणि दोन वेगवेगळ्या अंतरांवरील मापकांची तुलना करून उरलेसुरले वजा करावे, असा हेतू. मूस यांनी मुंबईची ट्राम खाडीपलीकडे टाळली ती याच न्यायाने. मापकाचे तत्त्व असे: मऊ लोहसदृश मिश्रधातूच्या गाभ्याला तारेच्या वेटोळ्यातील उलटसुलट प्रवाहाने आळीपाळीने दोन्ही दिशांना पूर्ण चुंबकित करीत राहावयाचे, बाहेरचे क्षेत्र नसेल तर दोन्ही बाजू सारख्या पडतात, आणि असेल तर त्या मानाने एक बाजू आधी भरते, त्या तफावतीवरून क्षेत्र कळते. तीन परस्परलंब दिशांना अशी मापने सेकंदाला 64 वेळा होतात.

पण तीव्रतेपेक्षा दिशेचे मापन अधिक कठीण. मापकाचे तोंड नेमके कोणीकडे आहे हे ठाऊक नसेल तर त्याने सांगितलेली दिशा निरुपयोगी. आणि एवढ्या लांब पट्ट्याचे टोक उन्हासावलीने किंचित वाकतच असते. म्हणून प्रत्येक मापकाच्या लगत, त्याच पक्क्या पाटावर, डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठाने घडवलेले दोन-दोन तारादर्शक कॅमेरे बसवले आहेत. ते सतत नक्षत्रांचे चित्र घेऊन मापकाची दिशा ठरवतात. चुंबकीय नकाशाचा प्रत्येक बिंदू अशा रीतीने शेवटी ताऱ्यांवर टेकलेला आहे.

इतके करूनही गुरूच्या बाहेरील आकाशातील प्रवाह वेगळे काढावे लागतात. गुरूचा उपग्रह आयो दर सेकंदाला सुमारे एक टन द्रव्य अवकाशात सोडतो. ते विद्युद्भारित होऊन विषुववृत्ताच्या पातळीत चकतीसारखे पसरते, आणि त्यातून वाहणाऱ्या प्रवाहांचे क्षेत्र ग्रहाच्या क्षेत्रावर चढते. नासाच्या गॉडर्ड केंद्रातील जॅक कॉनर्नी यांनी व्हॉयेजरच्या काळापासून या चकतीचे गणित बसवत आणले होते; ते वजा करून त्यांनी 2018 साली पहिल्या नऊ फेऱ्यांवरून दहा पायऱ्यांचे, आणि 2022 साली बत्तीस फेऱ्यांवरून तेरा पायऱ्यांचे गुरूचे क्षेत्र प्रसिद्ध केले.

त्यातून जे दिसले ते कोणीही आधी कल्पिलेले नव्हते. पहिल्याच झेपेत यानाला 7.7 गाउसहून अधिक तीव्रता मिळाली, म्हणजे पृथ्वीवरील प्रबळात प्रबळ क्षेत्राच्या दसपटीहून जास्त आणि जुन्या अंदाजांना मागे टाकणारी. उत्तर गोलार्धात एका अरुंद पट्ट्यातून क्षेत्र मोठ्या जोराने बाहेर पडते. त्यातले पुष्कळसे दक्षिणेला परत जाते, पण बराच भाग विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस एकाच लहानशा डागात शिरतो. नकाशात आत शिरणारे क्षेत्र निळ्या रंगाने दाखवण्याचा प्रघात असल्यामुळे त्याला महान नील डाग असे नाव मिळाले. दुर्बिणीने पाहणाऱ्याला तेथे निळे काही दिसणार नाही. दक्षिण गोलार्ध मात्र जवळजवळ साधा द्विध्रुवच आहे. एकाच ग्रहाच्या दोन अर्धांत असा भेद का असावा, याचा विचार हार्वर्डच्या किंबर्ली मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 साली मांडला: चुंबकत्व निर्माण करणारा थर सर्वत्र एकजिनसी नसावा, आत जड मूलद्रव्ये विरघळलेली असून त्यांच्या थरांमुळे अभिसरणाला ठिकठिकाणी अटकाव होत असावा. शेजारच्या शनीचे क्षेत्र कॅसिनी यानाने 2017 साली अखेरच्या फेऱ्यांत मोजले, तेव्हा त्याचा चुंबकीय अक्ष परिवलनाच्या अक्षापासून अंशाच्या शंभराव्या भागाइतकाही ढळलेला आढळला नाही. एकाच द्रव्याचे हे दोन शेजारी, आणि स्वभाव इतके भिन्न.

गुरूवर पडदा का नाही ते आता सांगता येईल. गुरूला घन कवचच नाही. वरून खाली हायड्रोजन आणि हेलियमच, फक्त दाब वाढत जातो. आणि खोल गेल्यावर, विग्नर आणि हंटिंग्टन यांनी 1935 साली भाकीत केल्याप्रमाणे, हायड्रोजन धातूसारखा विद्युद्वाहक होतो. चुंबकत्व तेथे उपजते. जूनोच्या आकड्यांवरून त्या क्षेत्राची सीमा ग्रहाच्या त्रिज्येच्या सुमारे 81 टक्क्यांवर येते, म्हणजे पृष्ठभागापासून फारशी खोल नाही. पृथ्वीच्या गाभ्याची सीमा 55 टक्क्यांवर आहे. परिणामी तेराव्या पायरीची रचना उगमापासून गुरूच्या पृष्ठभागापर्यंत येताना पृथ्वीप्रमाणे साडेआठ हजार पटींनी नव्हे, केवळ सुमारे चोवीस पटींनी मंद होते, आणि वाटेत तिच्यात मिसळायला मॅग्नेटाइटचा एक कणही नसतो. यान आणखी जवळ गेले, आणखी फेऱ्या झाल्या, की तेराव्याच्या पुढच्या पायऱ्याही उलगडत जातात. खानदेशचा डाइक जेथे आपल्याला थांबवतो तेथून पुढचा रस्ता गुरूवर मोकळा आहे.

या मोकळेपणाची किंमतही आहे. ज्याला खडक नाही त्याला भूतकाळ नाही. पृथ्वीच्या क्षेत्राने कोट्यवधी वर्षांत किती वेळा दिशा बदलली हे आपण समुद्रतळाच्या आणि दख्खनच्या खडकांवरून वाचतो. गुरूचे क्षेत्र पूर्वी कधी उलटले होते काय, याचा दाखला देणारा एकही दगड त्या ग्रहावर नाही. त्याचे सगळे दफ्तर माणसाने केलेल्या मापनांचे, आणि त्यातील पहिला प्रत्यक्ष कागद 1973 चा. म्हणूनच पायोनियर आणि व्हॉयेजर यांचे जुने आकडे, आज कितीही ओबडधोबड वाटले तरी, अनमोल ठरले. 2019 साली मूर आणि सहकाऱ्यांनी ते जूनोच्या नकाशाशी ताडून पाहिले, आणि मधल्या चार दशकांत क्षेत्र किंचित पण निश्चित बदलले आहे असे आढळले. हा बदल गुरूच्या वातावरणातील पट्टेदार वारे हजारो किलोमीटर खोल जाऊन क्षेत्ररेषांना ओढून नेतात या कल्पनेशी जुळतो. नील डाग सेकंदाला सुमारे चार सेंटिमीटर या मंद गतीने पूर्वेकडे सरकत असून, हीच गती टिकली तर ग्रहाला एक प्रदक्षिणा घालायला त्याला साडेतीनशे वर्षे लागतील. पुढे 2024 साली जेरेमी ब्लॉक्सहॅम आणि सहकाऱ्यांनी असे दाखवले की, त्या डागाला वाहून नेणारा खोलातील प्रवाह स्थिर नाही. तो सुमारे चार वर्षांच्या आवर्तनाने कमीजास्त होतो. पृथ्वीच्या गाभ्यात इतका जलद फेर शोधणे किती कठीण आहे हे जाणणाऱ्याला या निष्कर्षाचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

जूनोची मापने कोणाच्या खाजगी मालकीची नाहीत. यानाचे आकडे नासाच्या ग्रहविषयक दफ्तरात सर्वांसाठी खुले ठेवले जातात, आणि तेरा पायऱ्यांचे 195 अंक छापील शोधनिबंधात दिलेले आहेत. ते घेऊन गुरूच्या कोणत्याही बिंदूवरील क्षेत्र काढण्यास पदवीच्या वर्गातील गणित आणि एक साधा संगणक पुरतो. जळगावच्या विद्यापीठात आणि धुळ्याच्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या अध्यापकांना माझी विनंती आहे की, त्यांनी हे अंक विद्यार्थ्यांच्या हाती द्यावेत, नील डाग त्यांना स्वतःच्या गणिताने काढू द्यावा, आणि त्याच वर्षी एक दिवस होकायंत्र घेऊन त्यांना साक्रीच्या वाटेवरील डाइकांपर्यंत न्यावे. खडकाच्या अगदी जवळ धरलेली सुई कोठे किती ढळते याची नोंद त्यांच्याकडून करून घ्यावी, आणि ती नोंदवही पुढच्या वर्गासाठी जपून ठेवावी.